२० वॅटचा मेंदू आणि गळकी बादली

आमच्या डॉर्मिटरीतल्या एलईडी ट्यूबवर ‘२० वॅट’ असे छापलेले आहे. माणसाचा मेंदूसुद्धा साधारण २० वॅटवरच चालतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के असतो, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. ऐकायला तो उधळ्या वाटतो. पण हिशेब करून पाहा. २० वॅट म्हणजे सेकंदाला २० ज्यूल. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की १७ लाख २८ हजार ज्यूल होतात, म्हणजे सुमारे ४१३ किलोकॅलरी. मेसमधल्या चार चपात्या धरा. विजेच्या मीटरवर दिवसाला अर्धे युनिटसुद्धा पडणार नाही. एवढ्यावर तो ड्रिल करतो, भूमिती सोडवतो, अंधारात नुसत्या पावलांवरून कोण येतंय ते ओळखतो, आणि आपण झोपलो तरी ड्यूटीवरच असतो.

आता दुसरी बाजू. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी मॉडेल्स ज्या चिपवर चालतात त्यांपैकी एक एनव्हिडियाची एच१००. तिची एक चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते, म्हणजे आमच्या ३५ ट्यूब. आणि मोठे मॉडेल शिकवायला अशा हजारो चिप एकत्र लावाव्या लागतात.

गंमत अशी की या मॉडेलना ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणतात आणि ती मेंदूवरून सुचली असे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते. मग नक्कल मेंदूची आणि बिल एवढे का? आमच्या सायन्स क्लबमध्ये हा प्रश्न निघाला तेव्हापासून मी त्यावर मिळेल ते वाचतो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपण मेंदूची अर्धीच नक्कल केली, आणि काटकसर नेमकी राहिलेल्या अर्ध्यात आहे.

आधी मूळ वस्तू पाहू. मेंदू ज्या पेशींचा बनलेला आहे त्यांना मराठीत चेतापेशी म्हणतात. इथे आम्ही सगळे विज्ञान इंग्रजीतून शिकतो. हा शब्द मला आईने पाठवलेल्या राज्य मंडळाच्या जुन्या पुस्तकात पहिल्यांदा दिसला आणि ‘न्यूरॉन’पेक्षा फार आवडला. चेतापेशीला झाडाच्या फांद्यांसारखे बारीक धागे असतात, त्या वृक्षिका. त्यांतून निरोप आत येतात. एक लांब धागा बाहेर जातो, तो अक्षतंतू. एका पेशीचा धागा दुसरीपाशी पोचतो तिथे एक अतिशय बारीक फट असते, तिला सिनॅप्स म्हणतात. एकेका पेशीला असे हजारो सिनॅप्स असू शकतात. पेशी एकूण किती? पूर्वीच्या पुस्तकांत सरळ १०० अब्ज असे छापत. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतीचा अक्षरशः पातळ रस केला आणि त्यातली पेशीकेंद्रके मोजली. २००९ मध्ये त्यांचा आकडा आला : सुमारे ८६ अब्ज.

या पेशी सुट्या असतात की सगळा मेंदू म्हणजे एकच अखंड जाळे, यावर फार मोठे भांडण झाले होते. इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवण्याची रीत शोधली. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी तीच रीत वापरून पाहिले आणि पेशी सुट्या आहेत असे ठरवले. गॉल्जी मात्र अखंड जाळ्यावर ठाम होते. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, आणि गॉल्जींनी नोबेलच्या भाषणातसुद्धा काहाल यांच्या मताला विरोध केला! काहाल बरोबर ठरले. आपल्या विषयासाठी हे महत्त्वाचे आहे, कारण सुटी पेशी असली तरच तिचे गणित मांडता येते.

ते गणित १९४३ मध्ये वॉरन मॅककलॉक आणि वॉल्टर पिट्स या दोघांनी मांडले. मॅककलॉक चाळिशी ओलांडलेले डॉक्टर, आणि पिट्स फक्त वीस वर्षांचा. तो पंधराव्या वर्षी घर सोडून आला होता असे सांगतात. (पालकांनी काळजी करू नये, आमच्या शाळेची भिंत उंच आहे.) त्यांची कल्पना सोपी होती. पेशीकडे निरोप येतात. काही ‘हो’ म्हणतात, काही ‘नाही’. बेरीज एका ठरावीक उंबरठ्याला पोचली तर पेशी पुढे निरोप देते, नाहीतर गप्प बसते. प्रत्येक निरोपाला कमीजास्त वजन देण्याची आणि ती वजने अनुभवाने बदलण्याची सोय पुढच्या लोकांनी केली.

उदाहरण घेऊ. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ठरवायचे आहे की पीटीला फॉलइन व्हायचे की नाही. शिट्टी ऐकू आली : वजन १. मैदान कोरडे आहे : वजन १. पाऊस चालू आहे : वजन उणे २. उंबरठा २. शिट्टी आली, मैदान कोरडे, पाऊस नाही. बेरीज २ झाली, उठा. शिट्टी आली पण पाऊस पडतोय आणि मैदान ओले. बेरीज उणे १, झोपा. आता शिकायचे कसे? एखाद्या दिवशी पेशीने ‘उठा’ म्हटले आणि ती शिट्टी दुसऱ्याच हाऊसची निघाली, तर त्या वेळी हजर असलेल्या खुणांची वजने थोडी कमी करायची. उलट ती ‘झोपा’ म्हणाली आणि खाली उस्ताद हजेरी घेत असले, तर वजने वाढवायची. बरोबर उत्तर आले तर हात लावायचा नाही. एवढाच नियम. रोज पहाटे तो लावत राहिले की काही आठवड्यांत पेशी शहाणी होते.

हाच नियम अमेरिकेत फ्रँक रोझेनब्लॅट यांनी यंत्रात बसवला. त्याला त्यांनी नाव दिले परसेप्ट्रॉन. पैसा अमेरिकी नौदलाचा होता. जुलै १९५८ मध्ये नौदलाने पत्रकारांना प्रयोग दाखवला. आयबीएम ७०४ या अवाढव्य संगणकावर चालणारा परसेप्ट्रॉन ५० प्रयत्नांनंतर कार्डावरची खूण डावीकडे आहे की उजवीकडे ते ओळखू लागला. पुढे त्यांनी खास यंत्रच बांधले, मार्क १. त्याला डोळा म्हणून २० गुणिले २०, म्हणजे ४०० प्रकाशघट होते, आणि वजने म्हणजे चक्क फिरवायची बटणे. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखी, फक्त ती छोट्या मोटरी फिरवत. शिकताना ते यंत्र कसे घरघरत असेल याची मला फार उत्सुकता आहे. वर्तमानपत्राने मात्र लिहून टाकले की हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, स्वतःसारखी यंत्रे बनवेल आणि त्याला स्वतःची जाणीवही असेल. डावे-उजवे ओळखणाऱ्या यंत्राबद्दल हे! आजच्या बातम्या वाचताना मला ती बातमी आठवते.

आता अडचण. प्रत्येक हॉस्टेलच्या जिन्यात एक दिवा असतो, त्याला खाली एक आणि वर एक असे दोन स्विच. दोन्ही खाली असतील तर दिवा बंद. कोणताही एक वर केला की चालू. दोन्ही वर केले की पुन्हा बंद. आपण हे रोज वापरतो. पण एकटा परसेप्ट्रॉन हे जन्मात शिकू शकत नाही. ‘अजून सराव हवा’ अशी ही गोष्ट नाही. ते अशक्य आहे, आणि हे नववीच्या असमानतांनी सिद्ध करता येते.

पहिल्या स्विचचे वजन क, दुसऱ्याचे ख, उंबरठा ग माना. दोन्ही खाली असताना बेरीज शून्य, आणि दिवा बंद हवा. म्हणून शून्य हे ग पेक्षा लहान, म्हणजे ग धन संख्या. फक्त पहिला वर असताना दिवा लागला पाहिजे, म्हणून क हा निदान ग एवढा. तसेच ख सुद्धा निदान ग एवढा. मग क आणि ख ची बेरीज निदान २ग. ग धन आहे, तेव्हा २ग हा ग पेक्षा मोठा, आणि दोन्ही स्विच वर असताना बेरीज उंबरठ्याच्या पुढे जाणारच. दिवा लागणार. पण आपल्याला तर तो बंद हवा होता. विसंगती आली, सिद्धता पूर्ण.

यावर उपाय आहे, आणि तो मी सायन्स क्लबमध्ये सातवीच्या तीन मुलांना उभे करून दाखवला. दोन स्विच म्हणजे दोन टोप्या, टेबलावर ठेवलेल्या. उताणी टोपी म्हणजे स्विच वर. पहिला कॅडेट निदान एक टोपी उताणी असेल तर हात वर करतो. दुसरा दोन्ही उताण्या असतील तरच हात वर करतो. तिसऱ्याने टोप्यांकडे पाठ करायची आणि फक्त या दोघांकडे पाहायचे. पहिल्याचा हात अधिक १, दुसऱ्याचा उणे १, उंबरठा १. टोप्या कशाही ठेवा, तिसऱ्याचा हात अगदी जिन्यातल्या दिव्यासारखा वागतो. तिघांपैकी कोणालाही जिन्याचा नियम सांगितलेला नव्हता. एकट्याला न जमणारी गोष्ट थर लावल्यावर जमते, ती अशी.

मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये परसेप्ट्रॉनच्या मर्यादांवर पुस्तक लिहिले आणि या संशोधनाचा उत्साह बराच थंडावला. मिन्स्की आणि रोझेनब्लॅट न्यूयॉर्कच्या एकाच शाळेत शिकलेले, एका वर्षाच्या अंतराने. थर लावले की प्रश्न सुटतो हे तेव्हाही ठाऊक होते. प्रश्न होता थरांना शिकवायचे कसे. शेवटचे उत्तर चुकले तर दोष पहिल्याचा की दुसऱ्याचा, हे वाटायचे कसे? रोझेनब्लॅट यांना पुढचे पाहायला मिळाले नाही. १९७१ मध्ये, आपल्या ४३ व्या वाढदिवशीच, ते नौकेच्या अपघातात गेले. दोष शेवटापासून मागे मागे वाटत नेण्याची रीत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखाने सर्वत्र पोचली, आणि आजची सगळी मॉडेल्स तिच्यावर उभी आहेत. हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफील्ड यांच्यासोबत मिळाले.

इथपर्यंतची गोष्ट म्हणजे नक्कल झालेले अर्धे : वजने, उंबरठा, थर. आता राहिलेले अर्धे.

पहिली राहिलेली गोष्ट म्हणजे जागा. आपल्या संगणकात आठवण एकीकडे आणि काम दुसरीकडे असते. प्रत्येक आकडा मेमरीतून प्रोसेसरकडे न्यायचा, बेरीज करायची, उत्तर परत ठेवायचे. समजा शस्त्रागारातून, म्हणजे कोतमधून, रायफल घेतली, रजिस्टरवर सही केली, ग्राउंडवर येऊन एक ‘बाजू शस्त्र’ केले, परत जाऊन रायफल जमा केली, आणि पुढच्या हुकुमासाठी पुन्हा पहिल्यापासून. परेड कमी आणि पळापळ जास्त. संगणकातही तेच होते. लांबच्या मेमरीतून एक आकडा आणायला तो मिळवण्याच्या शेकडो पट ऊर्जा लागते. या रचनेला जॉन फॉन नॉयमन यांचे नाव आहे, कारण १९४५ च्या त्यांच्या अहवालात ती मांडलेली होती. आणि योगायोग पाहा, त्या अहवालात त्यांनी ज्या एकमेव शोधनिबंधाचा आधार दिला तो मॅककलॉक आणि पिट्स यांचा होता. मेंदूचा विचार त्यांच्या डोक्यात शेवटपर्यंत होता. १९५७ मध्ये ते वारले आणि संगणक व मेंदू यांची तुलना करणारे त्यांचे अपुरे पुस्तक १९५८ मध्ये निघाले. मेंदूत हेलपाटे नाहीत. सिनॅप्स हीच आठवण आणि सिनॅप्स हेच काम. रायफल ज्याची त्याच्या खांद्यावर.

दुसरी गोष्ट वेळ, आणि ती मला सर्वांत सुंदर वाटते. खऱ्या चेतापेशीचा निरोप म्हणजे विजेची एक उसळी, सुमारे एका मिलिसेकंदाची. ती कशी तयार होते हे हॉजकिन आणि हक्सले यांनी माकूळ माशाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये गणितासह सांगितले. एका पेशीच्या सगळ्या उसळ्या जवळजवळ सारख्याच उंचीच्या असतात. म्हणजे निरोप मोठा की छोटा हे उसळीच्या उंचीत नसते. मग कशात असते? ती कधी आली यात.

बाथरूममधली गळकी बादली डोळ्यांपुढे आणा. बादलीत १० लिटर झाले की ती कलंडते आणि पूर्ण रिकामी होते. कलंडणे म्हणजे उसळी. प्रत्येक निरोप म्हणजे ४ लिटरचा एक मग. आणि भोकातून दर सेकंदाला १ लिटर गळते. आता तीन मग लागोपाठच्या तीन सेकंदांत ओता. पहिल्यानंतर ४. एक गळून ३, अधिक ४, झाले ७. एक गळून ६, अधिक ४, झाले १०. कलंडली! आता तेच तीन मग तीन-तीन सेकंदांच्या अंतराने ओता. ४. तीन गळून १, अधिक ४, झाले ५. तीन गळून २, अधिक ४, झाले ६. बादली जागची हलत नाही. पाणी दोन्ही वेळा १२ लिटरच ओतले, पण उत्तर वेगळे. साध्या परसेप्ट्रॉनला हा फरक कळत नाही, तो फक्त बेरीज पाहतो. गळती हा बादलीचा दोष नाही. गळतीमुळेच बादलीला ‘आत्ताचे’ आणि ‘मघाचे’ यांतला फरक कळतो.

तिसरी गोष्ट शांतता. मेंदूतल्या बहुतेक पेशी बहुतेक वेळ गप्प असतात. सांगण्यासारखे काही असेल तेव्हाच बोलतात आणि बोलतात तेव्हाच जादा खर्च होतो. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक आहेत, पण मेंदूकडे जाणारे तंतू सुमारे दहा लाखच. म्हणजे डोळा सगळे कळवतच नाही. बदल झाला की तो मुख्यतः कळवतो. साध्या कॅमेऱ्याचे याच्या उलट असते. तो सेकंदाला ३० वेळा प्रत्येक बिंदूची हजेरी घेतो. समोर रिकामी भिंत असली तरी १२८ गुणिले १२८ बिंदूंचा छोटासा कॅमेरा सेकंदाला ४ लाख ९१ हजार ५२० आकडे पाठवणार, आणि सगळ्यांचा अर्थ एकच : भिंत अजून तिथेच आहे. झुरिकच्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास याच आकाराचा एक वेगळा कॅमेरा केला. त्यात प्रत्येक बिंदू स्वतंत्र. त्याच्यापुरता उजेड बदलला तरच तो बोलतो, आणि तेही काही मायक्रोसेकंदांत. पहिला कॅमेरा म्हणजे रोल कॉल, दुसरा म्हणजे रात्रीचा संतरी.

या जातीचे दोन कॅमेरे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवले होते, एक पुढे पाहणारा आणि एक खाली पृथ्वीकडे. प्रकल्पाचे नाव फाल्कन न्यूरो, आणि तो करणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या वेस्टर्न सिडनी विद्यापीठासोबत अमेरिकेची वायुसेना अकादमी आहे. म्हणजे जिथे कॅडेट शिकतात अशी संस्था. हे वाचल्यावर आमच्या क्लबचा उत्साह किती वाढला असेल याची कल्पना करा.

ही राहिलेली अर्धी नक्कल सिलिकॉनमध्ये उतरवण्याचा ध्यास १९८० च्या दशकात कॅलटेकच्या कार्व्हर मीड यांनी घेतला. ‘न्यूरोमॉर्फिक’ हा शब्द त्यांचाच. ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपतो. इतर इंजिनिअर त्याला गळती म्हणून नावे ठेवत. मीड यांच्या लक्षात आले की ती गळती चेतापेशीच्या आवरणातून होणाऱ्या प्रवाहासारख्याच नियमाने वागते, मग तिलाच कामाला का लावू नये? त्यांची विद्यार्थिनी मिशा माहोवाल्ड हिने त्यातून सिलिकॉनचा दृष्टिपटल बनवला. झुरिकच्या कॅमेऱ्याचे मूळ तिथे आहे. २०१४ मध्ये आयबीएमने ट्रूनॉर्थ चिप दाखवली : १० लाख पेशी, २५.६ कोटी सिनॅप्स, आणि खर्च सुमारे ७० मिलिवॅट. २०२४ मध्ये इंटेलने हाला पॉइंट नावाची प्रणाली अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेला दिली. तिच्यात १,१५२ चिप, १.१५ अब्ज पेशी आणि जास्तीत जास्त २,६०० वॅट.

इथे पुन्हा पेन्सिल घ्या. ८६ अब्ज भागिले १.१५ अब्ज, सुमारे ७५. अशा ७५ प्रणाली म्हणजे १ लाख ९५ हजार वॅट. आपल्या २० वॅटच्या जवळजवळ दहा हजार पट! अर्थात ही तुलना पूर्ण न्यायाची नाही. २,६०० ही कमाल मर्यादा आहे, आणि सिलिकॉनची पेशी खऱ्या पेशीहून पुष्कळ वेगाने चालवता येते. पण खरी पेशी सिलिकॉनच्या पेशीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे, हेही खरे.

आपल्या देशातही काम चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध छापला. त्यांनी रेणूंचा एक पातळ थर बनवला आहे, जो १६,५०० वेगवेगळ्या वाहकतांवर थांबवता येतो. साध्या बिटला दोनच अवस्था असतात. याचा उपयोग दहावीच्या फिजिक्समध्ये दडलेला आहे. ओहमच्या नियमाने प्रवाह म्हणजे विभवांतर गुणिले वाहकता. वाहकता हे वजन समजा, विभवांतर हा निरोप समजा, तर प्रवाह हा आपोआप झालेला गुणाकार. असे अनेक प्रवाह एका तारेत आणून सोडले की बेरीजही झाली. कोतला हेलपाटा नाही, जिथे आठवण तिथेच काम. पवईच्या आयआयटीतही सिलिकॉनच्या चेतापेशींवर काम झाले आहे.

मग असल्या चिप अजून आपल्या फोनमध्ये का नाहीत? कारण १९६९ चीच अडचण नव्या रूपात आली आहे. दोष मागे वाटत नेण्याच्या रीतीला उतार लागतो : वजन किंचित बदलले तर उत्तर किंचित बदलले पाहिजे. उसळीला उतार नसतो. बादली कलंडते किंवा कलंडत नाही, मधले काही नाही. त्यामुळे शिकवताना लोक तिथे एक लटका उतार कल्पून घेतात. चालून जाते, पण मला ते उधारीच्या काठीने चालण्यासारखे वाटते. मेंदू हे उधारीशिवाय करतो. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये म्हटले होते की एक पेशी दुसरीला उठवण्यात पुन्हा पुन्हा यशस्वी होत असेल तर त्यांच्यातला जोड पक्का होतो. तेवढ्यातून संपूर्ण शिकणे कसे उभे राहते, हा अजून न सुटलेला प्रश्न आहे. मला मोठेपणी काय सोडवायला आवडेल असे कोणी विचारले तर हाच.

माझे बाबा सिग्नल्समध्ये होते. उंचावरच्या पोस्टवर थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात, म्हणून रात्री ते त्या झोपण्याच्या पिशवीत अंगाशी घेऊन झोपत, असे त्यांनी सांगितले आहे. तिथे लागणारी वीज म्हणजे कोणीतरी पाठीवरून वर नेलेले वजन. म्हणून ‘७० मिलिवॅट’ हा आकडा मी त्यांना फोनवर सांगितला तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रात्रभर जागणारा एक डोळा एवढ्याशा विजेवर मिळणार असेल तर चांगलंच आहे. पण चालून येणारा बकरी घेऊन आलेला मुलगा असेल तर?”

मी यावर पुष्कळ विचार केला. संतरी हालचाल दिसली की आधी ‘थम! कौन आता है?’ असे विचारतो. त्या कॅमेऱ्याला पहिला अर्धा भाग येतो, काहीतरी हलले एवढे तो कोणाहीपेक्षा आधी सांगतो. ‘कौन’ हा प्रश्न त्याचा नाही. काही देशांत आता तोही भाग यंत्राकडे सोपवावा अशी चर्चा असते. यंत्राने संतरीला उठवावे, यापुढे जायला मी आज तरी तयार नाही. आमच्या क्लबमध्ये यावर दोन तट आहेत आणि वाद मिटलेला नाही.

आता सातवी-आठवीच्या कॅडेटसाठी गृहपाठ. बादली तीच : उंबरठा १० लिटर, मग ४ लिटरचा, गळती सेकंदाला १ लिटर, आणि रिकाम्या बादलीतून अर्थातच काही गळत नाही. मग दर दोन सेकंदांनी ओतला तर बादली कितव्या मगला कलंडेल? दर तीन सेकंदांनी ओतला तर? आणि दर चार सेकंदांनी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या आकड्याने देता येणार नाही, कारण लिहावे लागेल. उत्तरे मराठीत लिहून सायन्स क्लबच्या फळ्याशेजारच्या पेटीत टाका.